अनामत, जमानत की डिपॉझिट?

प्रश्न असा आहे: निकालाच्या दिवशी वाहिनीच्या खालच्या पट्टीवर 'पाच जणांची जमानत जप्त' असं पळत असतं, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात तेच 'अनामत जप्त' होतं आणि चहाच्या टपरीवर 'डिपॉझिट गुल'. यातलं बरोबर कोणतं, आणि नेमकं काय घडलं की हे म्हणायचं?

मराठीत अनामत. डिपॉझिटही चालेल, तो आता आपलाच शब्द आहे. जमानत मात्र हिंदी बातमी घाईत मराठी करताना तशीच राहून गेलेली असते. हिंदीत जमानत या एकाच शब्दात कोर्टातला जामीनही बसतो आणि निवडणुकीची ठेवही. मराठीनं ही दोन कामं वाटून दिली आहेत: जामीन मिळतो, फेटाळला जातो, कुणी कुणाला जामीन राहतो, अनामत भरतात, परत मिळते किंवा जाते. त्यामुळे हुशारी करून 'जामीन जप्त' लिहिणं तर आणखी वाईट. उमेदवारावर चार खटले असतील तर वाचकाला ती बातमी कोर्टातलीच वाटेल आणि त्यात त्याची चूक नसेल.

अनामत हे मूळ अरबी 'अमानत'चं मराठी रूप. म आणि न यांनी जागा बदलल्या, जसं मतलबचं मतबल आणि नुकसानचं नुस्कान होतं. फरक एवढाच की मतबल बोलीतच राहिला आणि अनामत थेट सरकारी पावतीवर जाऊन बसली. गुजरातीत हाच शब्द वेगळ्याच वाटेनं गेला. तिथे अनामत म्हणजे आरक्षण. २०१५ च्या 'पाटीदार अनामत आंदोलन समिती'ला डिपॉझिट परत नको होतं, राखीव जागा हव्या होत्या.

'जप्त' हा शब्द खरं तर थोडा फसवा आहे. जप्ती म्हटली की दारात उभा असलेला बेलीफ आठवतो. इथे कुणी काही उचलून नेत नाही. पैसे अर्ज भरतानाच सरकारकडे गेलेले असतात, ते परत मिळत नाहीत इतकंच. नेमका शब्द 'सरकारजमा'. पण 'अनामत जप्त' इतकं रुळलं आहे की ते बदलायच्या भानगडीत पडू नये.

आता हिशेब, कारण बातम्या घसरतात त्या इथे. लोकसभेसाठी अनामत २५,००० रुपये, विधानसभेसाठी १०,०००. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांना निम्मी. पडलेल्या उमेदवाराला मतदारसंघातल्या एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली तरच ती परत मिळते. एकूण मतदारांच्या नव्हे, वैध मतांच्या. 'नोटा' त्यात धरत नाहीत. 'पेक्षा जास्त' हे शब्दही महत्त्वाचे. वैध मतं १,८०,००० असतील आणि उमेदवाराला बरोबर ३०,००० पडली, तर अनामत गेली. ३०,००१ ला वाचली.

निवडून आलेल्याला ही अट नाही. मतं फार विभागली आणि कुणी षष्ठांशाच्या आत राहूनही जिंकला, तर त्याची अनामत सुरक्षित. उलट लढत एकतर्फी असेल तर दुसऱ्या क्रमांकाचंही डिपॉझिट जातं. अर्ज बाद झाला किंवा मुदतीत मागे घेतला तर रक्कम परत मिळते, त्यामुळे 'अर्ज बाद, अनामतही गेली' हे वाक्य चूक. एकाच मतदारसंघात चार अर्ज भरले तरी अनामत एकच.

सगळ्यात मजेशीर कलम दोन जागा लढवणाऱ्यांचं. सार्वत्रिक निवडणुकीत लोकसभेच्या दोन जागा लढवल्या तर परत फक्त एकच अनामत मिळते, दोन्हीकडे जिंकलात तरी. २०१४ मध्ये नरेंद्र मोदी वडोदरा आणि वाराणसीतून, २०२४ मध्ये राहुल गांधी वायनाड आणि रायबरेलीतून निवडून आले. नियमानं दोघांचीही एकेक अनामत सरकारजमा. तरी 'मोदींचं डिपॉझिट गुल' किंवा 'राहुल यांची अनामत जप्त' असा मथळा कुणी देणार नाही, देऊही नये. कारण रूढ अर्थानं या वाक्प्रचारात पैसे जाण्यापेक्षा पत जाणं मोठं आहे.

म्हणूनच 'अनामत जप्त होण्याची नामुष्की ओढवली' हे तयार वाक्य सगळ्यांना सरसकट चिकटवू नये. मातब्बर पक्षाच्या, गेल्या खेपेला निवडून आलेल्या माणसाची गेली तर नामुष्की. तीनशे मतं घेणाऱ्या अपक्षाला अर्ज भरतानाच सगळं ठाऊक असतं; त्याच्यासाठी तो हौसेचा खर्च. ही हौस पूर्वी फार स्वस्त होती. १९९६ पर्यंत लोकसभेची अनामत ५०० आणि विधानसभेची २५० रुपये होती. त्या वर्षी तामिळनाडूत मोडक्कुरिची या एका विधानसभा मतदारसंघात १,०३३ उमेदवार उभे होते आणि देशभरात लोकसभेला १३,९५२. मग रक्कम अनुक्रमे १०,००० आणि ५,००० झाली आणि १९९८ ला लोकसभेचे उमेदवार ४,७५० वर आले. आजचे दर २०१० पासूनचे.

लिहिताना एवढं पाहावं: अनामत स्त्रीलिंगी, म्हणजे 'अनामत जप्त झाली', 'वाचली'; रक्कम जोडली तरी तेच. डिपॉझिट नपुंसकलिंगी, 'डिपॉझिट गेलं', 'वाचलं'. 'गुल' बत्तीसारखंच, बोलण्यात आणि मथळ्यात झकास, अधिकृत निकालाच्या मजकुरात नको. आणि 'अनामत जप्त झाल्याने पराभव' असं कधीच नको. आधी माणूस पडतो, मग अनामत जाते.