बोली लावायच्या आधी एवढं बघजो

प्रिय बेटा,

तुझा मेसेज वाचला. बुऱ्हाणपूर टाकसाळीचा जहांगीरचा रुपया ऑनलाईन लिलावात आलाय आणि तुला तो पाहिजेच, हे वाचून फार बरं वाटलं, आपल्या खान्देशातल्या पोराने सुरुवात बुऱ्हाणपूरपासूनच करावी असं मला मनापासून वाटतं. पण बोली लावायच्या आधी ते नाणं नीट वाच.

मुघल रुपयाचा ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असायचा, म्हणून टाकसाळीचं नाव बऱ्याचदा अर्धंच उमटतं. माहितीत बिनधास्त बुऱ्हाणपूर लिहेल असतं आणि फोटोत दोनच अक्षरं दिसतात. नाव पूर्ण, हिजरी साल आणि बादशहाच्या राज्याचं कितवं वर्ष तो आकडा पण दिसतोय, असं नाणं महाग जातं आणि ते बरोबरच आहे, अर्ध्या नावाला मात्र तेवढे पैसे देऊ नको. पूर्ण फारसी येत नसली तरी चालेल, ते एक नाव कसं दिसतं ते डोळ्यात बसव. वजन विचार, साधारण ११.४ ग्रॅमच्या आसपास पाहिजे.

दुसरं म्हणजे काठ, याच्यावर मी जरा जास्तच बोलतो. आपल्याकडे सातपुड्याच्या पट्ट्यात चांदीच्या रुपयांचे हार घालतात, त्यामुळे कडी लावेल, झाळेल रुपये बाजारात खूप फिरतात. नंतर कडी काढून, कानस मारून तेच नाणं विकायला येतं, आणि लिलावात फोटो दोन बाजूंचेच, काठाचा नाहीच. म्हणून काठाचा फोटो आणि उजेडात नाणं तिरपं फिरवलेला व्हिडिओ मागायचा, लाजायचं नाही, नाही दिला तर तो लॉट, म्हणजे लिलावातलं ते नाणं, सोडून द्यायचा. ब्रिटिश रुपया घेशील तेव्हा पण हेच, त्याचं वजन ११.६६ ग्रॅम. १९३९ चा दुर्मिळ रुपया स्वस्तात दिसला तर अजिबात हुरळू नको, १९३८ च्या आठाचा नऊ करेल नाणी विकायला येतात.

आता पैशाचं. तू ४,००० ची बोली जिंकलास तर बिल ४,००० चं येत नाही, वर बायर्स प्रीमियम म्हणजे लिलाववाल्याचं कमिशन, जीएसटी, पोस्टेज. समजा प्रीमियम १५ टक्के, म्हणजे ६०० तिथेच गेले. नियम आधी वाच, सगळं धरून आकडा ठरव, तोच मॅक्सिमम बिड म्हणून टाक आणि शेवटच्या मिनिटाला मोबाईल बाजूला ठेव. पार्सल उघडताना व्हिडिओ काढजो.

रिझर्व्ह बँकेच्या नावाने कोणी फोन करून जुन्या नाण्यांसाठी कमिशन मागितलं तर कट कर, बँक असले व्यवहार करत नाही, त्यांनी २०२१ मध्येच तसं जाहीर केलंय. आणि शंभर वर्षांवरचं नाणं खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही, १९७२ चा कायदा आहे, मित्राला अमेरिकेत गिफ्ट वगैरे काही नको.

नाणं आलं की चिंच, रांगोळी, टूथपेस्ट काहीच लावायचं नाही, काळपट आहे तसंच राहू दे.

जमलं तर या आठवड्यात जळगावच्या सराफ बाजारात ओळखीच्या सराफाकडे बस, मोडीत येणारे रुपये हातात घे, काठावर नख फिरव. आणि त्या लॉटचे फोटो मला पाठव, मोठे पाठव, व्हॉट्सअॅपवर डॉक्युमेंट करून, नाहीतर अक्षरं फुटतात.

तुझा,
काका