हाफ फ्राय तव्याला का चिकटते?

प्रश्न : घरी हाफ फ्राय करताना अंडे तव्याला चिकटते, कडा करपतात आणि बलकाभोवतीचा पांढरा भाग कच्चाच राहतो. काय करावे?
– एक वाचक, खानापूर

उत्तर : आपण बहुधा ज्वारीची भाकरी भाजतो तोच तवा वापरत असाल. त्याच्यावर तेल मुरलेले नसते, म्हणून अंडे चिकटते. डोशांसाठी वेगळा ठेवलेला, तेल मुरलेला बिडाचा तवा घ्यावा. तो मध्यम आचेवर तापवून चमचाभर तेल सोडावे आणि अंडे वाटीत फोडून अलगद ओतावे.

कडा करपणे आणि मधला भाग कच्चा राहणे ही दोन्ही मोठ्या आचेची लक्षणे आहेत. पांढरा भाग साधारण ६२ अंश सेल्सिअसला गोठू लागतो, पण पूर्ण घट्ट होण्यास त्याला ८० अंशांच्या आसपास उष्णता लागते. बलक मात्र ७० अंशांपर्यंतच घट्ट होतो. म्हणून कडा पांढऱ्या होताच आच मंद करावी, कडेला चमचाभर पाणी शिंपडून झाकण ठेवावे, म्हणजे वाफेने वरचा भाग शिजतो आणि बलक मऊ राहतो. माझ्या मते उलटण्यापेक्षा हीच रीत उत्तम.

अंडे ताजे हवे, कारण शिळ्या अंड्याचा पांढरा भाग पातळ होऊन तवाभर पसरतो. पाण्यात टाकल्यावर तळाशी आडवे राहणारे अंडे ताजे समजावे. घरातील लहान मुले, वृद्ध आणि गर्भवती यांना मात्र बलक पूर्ण घट्ट शिजवूनच द्यावा, कारण कच्च्या अंड्यातून साल्मोनेला जंतूंचा संसर्ग होऊ शकतो.