गिझरला हात लावला की झिणझिण्या येतात, तरी एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप बंद होणारं, बोर्डावरचं बटण) पडत नाही. एमसीबी खराब आहे का?

नाही, एमसीबी खराब नाही. पण आधी गिझर बंद करा आणि तपासणी होईपर्यंत अजिबात वापरू नका. ‘पाणी तापवून घेतो आणि बटण बंद करून मग आंघोळ करतो’ हा उपायही नको. साधं बटण एकच तार तोडतं. ते चुकून न्यूट्रलवर (करंट परत नेणाऱ्या तारेवर) जोडलेलं असेल, तर बटण बंद असतानाही गिझरमध्ये फेज (वीज आणणारी तार) आलेला असतो.

तुमचा इलेक्ट्रिशियन आरसीसीबी (विजेची गळती ओळखून वीज तोडणारं उपकरण) बसवायला सांगतोय, तो उगाच खर्च वाढवतोय का, असंही तुम्ही विचारलंय. तो बरोबर सांगतोय. मी वायरिंगच्या कामात आहे आणि ‘एमसीबी आहे म्हणजे शॉकची भीती नाही’ हा समज मला सतत ऐकायला मिळतो. तो काढून टाकायलाच हवा, कारण एमसीबी माणसासाठी नसतोच. तो तारेसाठी असतो. तार जास्त तापून इन्सुलेशन वितळू नये, आग लागू नये, एवढंच त्याचं काम.

आकडे बघा. १६ अँपिअरचा एमसीबी १८ अँपिअरवर तासभर तसाच राहू शकतो. साधारण २३ अँपिअर झाले तर तो तासाभराच्या आत पडणं अपेक्षित असतं. शॉर्ट सर्किटला क्षणात पडायला ‘सी’ प्रकारच्या एमसीबीला ८० ते १६० अँपिअर लागतात. आता माणसाचं बघा. १ मिलीअँपिअरच्या आसपास झिणझिण्या जाणवतात. १० च्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही. ३० च्या पुढे करंट वाहत राहिला तर श्वास आणि हृदय धोक्यात येतं. ओल्या अंगाचा रेझिस्टन्स १००० ओहम धरला, तर २३० व्होल्टला शरीरातून २३० मिलीअँपिअर जातील. माणूस दगावायला एवढे पुरतात, पण एमसीबीच्या हिशेबात तो पाव अँपिअरसुद्धा नाही. एखादा लहान दिवा लावल्यासारखं त्याला वाटतं.

आरसीसीबी करंट किती आहे हे बघतच नाही, तो फरक बघतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा त्याच्या आतल्या एका गोल गाभ्यातून जातात. फेजमधून गेलेला करंट सगळाच्या सगळा न्यूट्रलमधून परत आला, तर दोघांचा परिणाम शून्य होतो. त्यातला थोडा भिंतीतून, पाण्यातून किंवा माणसातून जमिनीत गेला, तर तोल बिघडतो आणि आरसीसीबी दोन्ही तारा तोडतो. घरासाठी ३० मिलीअँपिअरचा घेतात. तो १५ ते ३० च्या दरम्यान पडतो आणि १५० मिलीअँपिअरच्या गळतीला ४० मिलिसेकंदांच्या आत. तो करंट कमी करत नाही, फक्त वेळ कमी करतो. म्हणजे झटका बसेल, पण हृदयाची लय बिघडायच्या आत वीज तुटलेली असेल. एक गोष्ट मात्र त्याला दिसत नाही: एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल. तिथे दोन्ही तारांतल्या करंटमध्ये फरक पडतच नाही, त्यामुळे तो गप्प राहतो.

मग अर्थिंग (उपकरणाची बॉडी जमिनीला जोडणारी तार) कशाला? तुम्हाला झिणझिण्या येतात, त्यावरून मला दोन बिघाडांची शंका येते. गिझरमध्ये कुठेतरी गळती आहे, बहुतेक पाणी तापवणाऱ्या एलिमेंटच्या आवरणाला चीर गेली असावी. आणि अर्थिंगची तार तुटलेली, सैल किंवा मुळात जोडलेलीच नाही. अर्थिंग असेल तर गळती सुरू होताक्षणी करंट त्या वाटेनं जातो आणि कुणी हात लावायच्या आधीच आरसीसीबी पडतो. अर्थिंग नसेल तर आरसीसीबी कुणीतरी हात लावण्याची वाट बघतो. उलट, नुसतं अर्थिंग असेल आणि आरसीसीबी नसेल, तरी भागत नाही. अर्थिंगच्या वाटेचा एकूण रेझिस्टन्स २० ओहम असेल, तर पूर्ण फेज बॉडीला टेकला तरी ११.५ अँपिअरच वाहतील. १६ चा एमसीबी पडणार नाही आणि बॉडीवर धोकादायक व्होल्टेज तसंच राहील. शिवाय तासाला अडीच युनिटांहून जास्त वीज जमिनीत जाईल. (१००० वॉट एक तास म्हणजे १ युनिट.) कारण नसताना बिल वाढलं असेल, तर गळतीची शंका घ्या.

दोन गोष्टी कुणी सुचवल्या तरी करू देऊ नका. सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला जोडायची नाही. पुढे कधी न्यूट्रल तुटला, तर सगळ्या उपकरणांच्या बॉडीवर फेज येईल. आणि एमसीबीच्या जागी मोठा एमसीबी नको, त्यानं शॉकला काहीच फरक पडत नाही, फक्त तारेचं संरक्षण जातं.

आरसीसीबीवरचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. दाबूनही पडला नाही तर बदला. ते बटण फक्त यंत्रणा तपासतं, अर्थिंग नाही. अर्थिंग मीटर लावूनच मोजून घ्यावं लागतं. घरात इन्व्हर्टर एसी किंवा इन्व्हर्टर वॉशिंग मशीन असेल तर ‘एसी’ प्रकारचा आरसीसीबी न घेता ‘ए’ प्रकारचा घ्या, कारण इलेक्ट्रॉनिक सर्किटची गळती साध्या ‘एसी’ प्रकाराला नीट ओळखता येत नाही.

बसवल्यावर तो सारखा पडू लागला, तर ‘हा त्रासदायक आहे’ म्हणून काढू नका. जुन्या वायरिंगमध्ये बहुतेक वेळा दोन सर्किटांचे न्यूट्रल कुठल्यातरी जंक्शन बॉक्समध्ये एकत्र पिळलेले सापडतात. सगळे एमसीबी बंद करून एकेक चालू करत गेलात की कोणत्या सर्किटवर पडतो ते कळतं. तरीही पत्ता लागला नाही, तर इलेक्ट्रिशियनला डीबीतून (एमसीबी बसवलेल्या मुख्य डब्यातून) न्यूट्रलही एकेक सुटे करून बघायला सांगा.