मोबाइल रागवत नाही जी

"मॅडम, मोबाइलले विचारल्याशिवाय मले एक ओळ लिवता येत नाही. मी नर्स होईन का जी?" गडचिरोलीकडच्या खेड्यातली, जीएनएम या नर्सिंग कोर्सच्या दुसऱ्या वर्षाची पोरगी समोर बसून ओढणीचं टोक पिळत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत.) हा प्रश्न हल्ली वरचेवर येतो. आळशी मुलं तो विचारत नाहीत, हे आधीच सांगून टाकते.

हिचं बारावीपर्यंत सगळं मराठीत. इथे पुस्तकं इंग्रजी, केअर प्लॅन, म्हणजे पेशंटच्या काळजीचा आराखडा, तोही इंग्रजी. दिवसभर वॉर्डात उभं राहायचं आणि रात्री फाइल पुरी करायची. सिस्टरला विचारलं तर "एवढंही येत नाही?" चॅटजीपीटीला एकच गोष्ट दहादा विचारा, रागवत नाही. मग अभ्यास तिथेच, रात्री दोनला रडणंही तिथेच.

मोबाइल सोड, असं मी म्हटलं नाही. ती सोडणार नव्हतीच. आणि खरं सांगायचं तर माझी इंग्रजी पत्रं मीही त्याच्याकडूनच तपासून घेते. एवढा भरवसा कशामुळे, तेवढं विचारलं.

"तो चुकत नाही जी."

"बरं. ५०० मिली सलाइन ४ तासांत द्यायचंय. मिनिटाला किती थेंब, विचार त्याला."

उत्तर आलं ३१.

"तुमच्या वॉर्डातल्या सलाइनच्या नळीच्या सेटच्या पाकिटावर काय लिहिलंय?"

ती थबकली. "एका मिलीले २० थेंब." मग कागद ओढून स्वतःच मांडलं: ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं. जवळपास ४२. मोबाइलने १५ थेंबांचा सेट धरला होता. गणित बरोबर, सेट दुसराच! पोरगी पहिल्यांदा हसली.

मग क्रम उलटा केला. आधी पेशंटजवळ दहा मिनिटं बसायचं, दिसलं-ऐकलं ते आपल्या बोलीत वहीत उतरवायचं, इंग्रजीसाठी मोबाइल नंतर. पेशंटचं नाव त्यात टाकायचं नाही. डोस आणि थेंब सिस्टरकडून तपासूनच. रात्रीसाठी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर दिला. फुकट, चोवीस तास, पलीकडे माणूस. रूममेटलाही सांग म्हटलं. तेच तिला सगळ्यात जड गेलं.

तीन आठवड्यांनी वही घेऊन आली. पेशंट सिकलसेल या रक्ताच्या आजाराची. मोबाइलच्या प्लॅनमध्ये 'भरपूर पाणी द्या' होतं, आणि ते बरोबरच. सिकलसेलमध्ये अंगातलं पाणी कमी झालं की दुखणं उसळतं. पण वहीत होतं: "पानी पेत नाही. संडास दूर हाय, पाय दुखते, उठा लागते मनून." हिने खाटेजवळ बेडपॅन ठेवला, तेव्हा कुठे बाटली रिकामी झाली.

स्पेलिंग अजून मोबाइलच पाहतो.

"आणि सिस्टर?"

"रागावल्या जी. मंग सांगितलं."