घरची दाद आणि अमेरिकेची दाद

तुमचा प्रश्न असा आहे: "ब्रिटिश चित्रपट अमेरिकेत एवढे चालतात, ऑस्कर घेऊन येतात. मग ब्रिटनमधले लोकही तेच चित्रपट डोक्यावर घेतात का, की घरी वेगळंच काही चालतं?" गेली वीसेक वर्षं मी या विषयावर मिळेल ते वाचत आलेय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एकाच वर्षातले दोन चित्रपट घ्या. २०११ च्या जानेवारीत ब्रिटनमध्ये 'द किंग्ज स्पीच' लागला आणि ऑगस्टमध्ये 'द इनबिट्वीनर्स मूव्ही' आला. घरी दोघांचा गल्ला जवळपास सारखाच, साधारण साडेचार कोटी पौंड. अमेरिकेत पहिल्याने १३ कोटी डॉलरच्या वर मजल मारली आणि दुसऱ्याने ४० हजार डॉलरसुद्धा मिळवले नाहीत. छपाईची चूक वाटेल, पण आकडा हजारांतलाच आहे.

मी तेव्हा इंग्लंडात राहत होते. 'इनबिट्वीनर्स'चा रात्रीचा खेळ तुडुंब भरला होता आणि पोरं प्रत्येक वाक्याला असं हसत होती की पुढचं वाक्य ऐकूच येईना. मला निम्मे विनोद कळले नाहीत. शेजारी बसलेल्या मैत्रिणीने नंतर समजावलं, की ही चार मुलं तिथल्या टीव्हीवर तीन वर्षं घरोघरी पोचलेली होती. त्यांची भाषा, त्यांच्या शिव्या, शाळेतलं त्यांचं स्थान, सगळं प्रेक्षकांना आधीच पाठ होतं. अमेरिकन माणसाकडे यातलं काहीच नव्हतं. 'किंग्ज स्पीच'साठी आधी काही माहीत असावं लागत नाही. अडखळत बोलणारा माणूस, त्याला बोलतं करणारा दुसरा माणूस, समोर युद्ध. शिवाय टोरांटोच्या महोत्सवात प्रेक्षकांची पसंती मिळालेली, आणि पाठीशी ऑस्करसाठी जोर लावणारा अमेरिकन वितरक.

म्हणजे घरची आवड आणि अमेरिकेची आवड हे दोन वेगळे प्रवाह आहेत. ते कधी कधी एकत्र येतात, पण ठरवून आणता येत नाहीत. मला यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच वाटते, कारण ब्रिटिश निर्माते पुन्हा पुन्हा ते ठरवून आणायला गेले आणि पुन्हा पुन्हा बुडाले.

सुरुवात लंडनमधला निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डापासून. १९३३ चा 'द प्रायव्हेट लाइफ ऑफ हेन्री द एट्थ' न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये लागला, त्यात हेन्री झालेल्या चार्ल्स लॉटनला ऑस्कर मिळालं आणि लंडनला वाटलं, अमेरिकेचं दार उघडलं. प्रूडेन्शियल या विमा कंपनीने कोर्डाला पैसा दिला, १९३६ मध्ये डेनहॅमचा प्रचंड स्टुडिओ उभा राहिला. १९३७ मध्ये हा फुगा फुटला.

मग जे. आर्थर रँक, ब्रिटनमधल्या एका मोठ्या चित्रपट कंपनीचे मालक. ब्रिटनमध्ये तोपर्यंतचा सर्वांत महागडा ठरलेला 'सीझर अँड क्लिओपात्रा' त्यांनी अमेरिकेवर डोळा ठेवून काढला. खर्च निघाला नाही. त्यानंतरची गोष्ट मला फार बोलकी वाटते. ऑगस्ट १९४७ मध्ये ब्रिटिश सरकारने परदेशी चित्रपटांच्या कमाईवर ७५ टक्के कर लावला. हॉलिवूडने उत्तरादाखल नवे चित्रपट पाठवणंच थांबवलं. रँकनी ती पोकळी भरायला धडाधड चित्रपट काढायला घेतले. मार्च १९४८ मध्ये तडजोड झाली, अडकून पडलेले अमेरिकन चित्रपट एकदम आले, आणि घाईत काढलेले ब्रिटिश चित्रपट त्यांच्यापुढे टिकले नाहीत. कंपनी कर्जात रुतली.

त्याच काळात रँकच्याच कंपनीचा 'द रेड शूज' तयार झाला. बॅलेवरचा चित्रपट. कंपनीच्या वरिष्ठांना तो आवडला नाही, विकला जाईल असं वाटलं नाही, म्हणून घरी त्याची फारशी जाहिरातही केली नाही. न्यूयॉर्कच्या बिजू थिएटरात तो दोन वर्षांहून जास्त काळ सलग चालला. अमेरिकेसाठी मुद्दाम काढलेला आपटला आणि ज्याच्यावर कुणाचा भरवसा नव्हता तो तिथे तग धरून राहिला.

घरचे लाडके मात्र वेगळेच होते. नॉर्मन विझ्डम हे नाव ऐकलंय का? १९५३ च्या 'ट्रबल इन स्टोअर'पासून हा तोकडा कोट घातलेला, धडपडणारा छोटा माणूस ब्रिटनच्या तिकीटबारीवर वर्षानुवर्षं राज्य करत होता. अमेरिकेत त्याच्या या चित्रपटांची फारशी दखलच घेतली गेली नाही. पण साम्यवादी अल्बानियात ते दाखवायला परवानगी होती आणि तिथे तो लोकांच्या गळ्यातला ताईत झाला! 'द डॅम बस्टर्स' १९५५ मध्ये आणि 'रीच फॉर द स्काय' १९५६ मध्ये ब्रिटनमधले सर्वांत लोकप्रिय चित्रपट होते. लोकांनी स्वतः भोगलेल्या दुसऱ्या महायुद्धाची ती आठवण होती. अमेरिकेकडे स्वतःचं युद्ध आणि स्वतःचे नायक होते, त्यामुळे तिथे ते चालले नाहीत. उलट 'कॅरी ऑन नर्स' हा अगदी देशी, चावट, कमी पैशांतला विनोदी चित्रपट अमेरिकेतही चालून गेला. नियम शोधायला गेलं की असा एखादा आडवा येतोच.

वितरकाचा भाग मात्र कायम आहे. १९५७ मध्ये रँकनी अमेरिकेत स्वतःची वितरण कंपनी काढली, ती दोनेक वर्षांतच बंद करावी लागली. साठच्या दशकात 'टॉम जोन्स' आणि बाँडपट दोन्हीकडे तुफान चालले, कारण त्यांच्यामागे युनायटेड आर्टिस्ट्स ही अमेरिकन कंपनी होती. पैसा त्यांचा, थिएटरं मिळवायची ताकद त्यांची. १९७० च्या सुमारास अमेरिकन पैसा माघारी गेला तेव्हा ब्रिटिश उद्योग उघडा पडला. २००८ मध्ये मुंबईत चित्रित झालेल्या 'स्लमडॉग मिलियनेर'वरही हीच वेळ येत होती. ज्या अमेरिकन वितरण शाखेकडे तो होता ती बंद झाली, फॉक्स सर्चलाइट या दुसऱ्या अमेरिकन वितरकाने तो उचलला, म्हणून पुढची आठ ऑस्कर.

'गांधी'बद्दल आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको, पण एक गोष्ट या प्रश्नाला नेमकी लागू पडते. भानू अथैय्या कोल्हापूरच्या, रोहिणी हट्टंगडी पुण्याच्या. अमेरिकेच्या अकादमीने वेशभूषेसाठी भानूताईंना ऑस्कर दिलं, पण कस्तुरबा साकारणाऱ्या रोहिणीताईंना साधं नामांकनही नव्हतं. ब्रिटनच्या बाफ्टाने, म्हणजे तिथल्या चित्रपट अकादमीने, त्यांना सहाय्यक अभिनेत्रीचा पुरस्कार दिला. एकाच चित्रपटात दोन देशांना काय दिसलं ते बघा.

त्या यशामागे असलेल्या गोल्डक्रेस्ट या ब्रिटिश कंपनीने तीनच वर्षांनी अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धावर, अल पचिनोला घेऊन 'रेव्होल्यूशन' काढला. विषय अमेरिकेचा, तारा अमेरिकेचा, आणि अमेरिकेतली कमाई चार लाख डॉलरसुद्धा नाही. कंपनी त्यातून सावरली नाही. त्याच्याशेजारी १९९७ चा 'द फुल माँटी' ठेवा: शेफील्डचे बेकार पोलाद कामगार, अस्सल तिथली बोली, ३५ लाख डॉलरच्या आसपास खर्च. ब्रिटनमध्ये विक्रम झाला आणि अमेरिकेतही साडेचार कोटी डॉलर आले.

'फोर वेडिंग्ज अँड अ फ्युनरल' १९९४ मध्ये मुद्दाम आधी अमेरिकेत मार्चला आणि मग ब्रिटनमध्ये मे महिन्यात लावला. अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेल्याचं घरच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत सांगितलं. ही युक्ती लागू पडली, पण मला तिचं थोडं वाईट वाटतं. इंग्लंडच्या लग्नांवरचा चित्रपट इंग्लंडच्या माणसाला विकायला अमेरिकेची शिफारस लागावी?

तुम्हाला स्वतः पडताळून पाहायचं असेल तर जोडीने बघा. एका रात्री 'द रेड शूज', दुसऱ्या रात्री 'ट्रबल इन स्टोअर'. पाच वर्षांच्या अंतराने, त्याच रँकच्या छत्राखाली आलेले आहेत. 'ट्रबल इन स्टोअर' इंग्रजी सबटायटल लावून बघा, बोली भरभर आहे.