माझं ड्रॉइंग कच्चं आहे, टेक्स्टाइल डिझाइनला चुकून आले का?

हा प्रश्न घेऊन दरवर्षी कुणीतरी माझ्याकडे येतंच, बहुतेक सबमिशनच्या तोंडावर. वर्गातली बाकीची पोरं काय भारी काढतात आणि माझं फूल कोबीसारखं दिसतं, सोडून देऊ का कोर्स.

अशीच एक मुलगी आली होती, टेक्स्टाइल अँड सरफेस डिझाइनचं पहिलं वर्ष (तिला विचारून लिहितेय, ओळख पटेल असं सगळं काढलंय). बसल्या बसल्या म्हणाली, मॅडम, कोर्स सोडायचा फॉर्म भरून ठेवलाय, फक्त सही राहिलीय. मी सवयीने बोलून गेले की अगं उगाच कमी लेखतेस स्वतःला, आणि तिचा चेहरा असा काही मिटला ना, तिथेच कळलं माझं चुकलं. माझ्या कौतुकाला काय किंमत, मला कुठे कळतं त्यातलं.

मग म्हटलं, पुढच्या वेळी सगळं घेऊन ये, स्केचबुक, स्वॉच म्हणजे कापडाचे नमुने, फसलेलं पण, आणि मला शिकव.

आली, आणि रिपीट, म्हणजे कापडभर जोड न दिसता पुन्हा पुन्हा येणारी नक्षी, शिकवायला लागली. मोटिफ म्हणजे नक्षीतली मूळ आकृती काढायची, कागद मधोमध कापून बाहेरच्या कडा आत आणायच्या, मध्ये जी रिकामी जागा उरते ती भरायची म्हणजे चारही बाजूंनी जोड बसतो. हाफ ड्रॉप म्हणजे शेजारच्या रांगेतला मोटिफ अर्ध्या उंचीने खाली सरकवायचा, मग जोड पटकन सापडत नाही. रोटरी प्रिंटिंगच्या, म्हणजे फिरत्या नळकांड्याने कापड छापायच्या, स्क्रीनचा घेर बऱ्याचदा ६४ सेंटीमीटरचा असतो, म्हणून रिपीट ६४, ३२, १६ असा त्यात पूर्ण बसायला हवा. हे सांगताना तिने एकदाही मान खाली घातली नाही, मी बघत होते.

मग फोनवर वर्गाच्या डिस्प्लेचा फोटो दाखवला, बघा हिचे गुलाब. खरंच सुंदर होते. मी म्हटलं, फोन जरा लांब धर. तिने धरला आणि तीच म्हणाली, अरे, हिच्यात तिरका पट्टा दिसतोय, म्हणजे रिपीट नीट लपला नाहीये. आणि तुझ्यात? बराच वेळ गप्प. मग, "नाही दिसत."

दुसरी गोष्ट एका फिक्कट स्वॉचची. रंग धुतल्यावर निघून गेला, मला डाइंग जमत नाही, असं तिचं म्हणणं. कापड कुठलं होतं विचारलं तर म्हणे कॉटनच असेल. असेल? लॅबमध्ये जाऊन धागा जाळून बघितला तिने, कॉटन असतं तर कागद जळल्यासारखा वास आला असता आणि भुरभुरीत राख उरली असती, इथे तर वितळून कडक मणी झाला. पॉलिएस्टर. तिने वापरलेला रिॲक्टिव्ह डाय सोडा ॲशबरोबर कॉटनला धरतो, पॉलिएस्टरला डिस्पर्स डाय लागतो. म्हणजे हात बरोबर होता, कापड चुकलं होतं, आणि ही दोन आठवडे स्वतःला कोसत बसलेली.

मध्ये मी हुशारी करून ॲनी अल्बर्स या नावाजलेल्या विणकाम कलाकाराचं उदाहरण पण दिलं. १९२२ मध्ये जर्मनीतल्या बाउहाउस या कलाशाळेत गेली, जायचं होतं काचकामाकडे, नाइलाजाने विणकामात आली, आणि १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये तिचं एकटीचं प्रदर्शन लागलं. यावर उत्तर आलं, "ती ॲनी अल्बर्स होती मॅडम." बरं बाई.

खोटा धीर मी देत नाही. ड्रॉइंग लागतंच, विशेषतः प्रिंटला, आणि तिचं खरंच कच्चं आहे, रोज हात चालवल्याशिवाय ते सुधारणार नाही. पण वीव्हमध्ये, म्हणजे विणकामात, ताण्याबाण्याचा (उभ्या-आडव्या धाग्यांचा) हिशोब जास्त लागतो, शिवाय रंगसंगती आहे, पोत आहे, आणि हे सगळं बघायच्या आधीच फॉर्म भरणं मला घाईचं वाटलं, तसं तिला सांगितलंही. सध्या ती पुढच्या सेमिस्टरच्या लूमची, म्हणजे मागाची, वाट बघतेय. फॉर्म अजून बॅगेतच आहे म्हणे, मी मागितला नाही.