पामर्स्टनचं वाक्य, हबसाणचं पदक आणि इतर शंका

व्हिक्टोरिया राणीच्या मधल्या काळातल्या, म्हणजे साधारण १८४८ ते १८६८ मधल्या ब्रिटिश परराष्ट्र धोरणावर पत्रं साचली आहेत. निम्म्यांत एकच गोंधळ आहे, म्हणून एकदाच उत्तरं देतो.

प्रश्न: ब्रिटनचा परराष्ट्र मंत्री आणि पुढे पंतप्रधान झालेला पामर्स्टन लॉर्ड होता, मग तो हाउस ऑफ कॉमन्समध्ये कसा?

उत्तर: त्याची सरदारकी आयर्लंडची होती. तेवढ्यावर हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये जागा मिळत नसे, म्हणून तो कॉमन्समध्ये निवडून येऊ शकत होता.

प्रश्न: ‘राजकारणात कायमचे मित्र नसतात, कायमचे शत्रू नसतात, फक्त स्वार्थ असतो’ हे वाक्य चर्चिलचं की पामर्स्टनचं? आमच्या ग्रुपवर वाद चालू आहे.

उत्तर: हे वाक्य मला आठवड्यातून दोनदा तरी येतं. कधी खाली चर्चिलचा फोटो, कधी चाणक्याचा. तारीख मात्र कधीच नसते. तर लिहून घ्या: १ मार्च १८४८, हाउस ऑफ कॉमन्स, परराष्ट्र मंत्री पामर्स्टन. तो म्हणाला ते असं: ‘आमचे कोणी चिरंतन मित्र नाहीत आणि कायमचे शत्रूही नाहीत. आमचे हितसंबंध चिरंतन आणि कायमचे आहेत, आणि त्यांच्यामागे जाणं हे आमचं कर्तव्य आहे.’ ‘स्वार्थ’ हा शब्द फॉरवर्ड करणाऱ्यांचा.

हे कोणा तत्त्वज्ञाचं चिंतन नव्हे, आरोपीचा बचाव होता. अ‍ॅन्स्टी नावाच्या खासदाराने पामर्स्टन रशियाला सामील असल्याचा आरोप केला होता, त्याला दिलेलं हे उत्तर. याच भाषणात पामर्स्टन म्हणतो, की इंग्लंडने न्यायाची बाजू घ्यावी, पण बेताने. जगाचा डॉन किहोटे, म्हणजे दिसेल तिथे लढायला धावणारा कादंबरीतला वेडा वीर, होऊ नये. ते कोणी फॉरवर्ड करत नाही. आणि हा अ‍ॅन्स्टी पुढे मुंबईत वकिली करत होता. १८६२च्या महाराज लायबल खटल्यात, म्हणजे एका धर्मगुरूने लावलेल्या अब्रूनुकसानीच्या खटल्यात, पत्रकार करसनदास मुळजींच्या बाजूने उभा राहिला तो हाच. संसदेच्या चर्चांचे छापील वृत्तांत आज घरबसल्या फुकट वाचता येतात. दहा मिनिटं लागतात. त्याआधी कृपा करून पुढे ढकलू नका.

प्रश्न: साताऱ्याच्या गादीवरून काढलेल्या प्रतापसिंह महाराजांचे वकील रंगो बापूजी १८३९ ते १८५३ लंडनमध्ये होते. परराष्ट्र मंत्र्याने त्यांना न्याय का दिला नाही?

उत्तर: साताऱ्याचं प्रकरण त्याच्या टेबलावर येतच नव्हतं. ते ईस्ट इंडिया कंपनीचे डायरेक्टर आणि कंपनीवर देखरेख करणारं सरकारी मंडळ, बोर्ड ऑफ कंट्रोल, यांच्या हातात होतं.

प्रश्न: चीनशी दुसरं अफूयुद्ध झेंड्याच्या अपमानावरून झालं, हे खरं का?

उत्तर: सांगितलं गेलं तसंच. ८ ऑक्टोबर १८५६ला कँटन बंदरात चिनी अधिकाऱ्यांनी ‘अ‍ॅरो’ नावाच्या गलबतावरचे खलाशी पकडले. गलबताची हाँगकाँगची नोंदणी २७ सप्टेंबरलाच संपली होती, म्हणजे ब्रिटिश झेंडा लावायचा हक्कच उरला नव्हता. हाँगकाँगचा ब्रिटिश गव्हर्नर बाउरिंगला हे कळलं होतं, तरी ब्रिटिश तोफा चालल्या. मार्च १८५७मध्ये खासदार कॉब्डेनच्या युद्धाविरुद्धच्या ठरावावर पामर्स्टनचं (तो आता पंतप्रधान होता) सरकार १६ मतांनी हरलं. त्याने निवडणूक घेतली आणि जिंकली, कॉब्डेनच पडला. अफूचा व्यापार कायदेशीर करून घेणं या युद्धाचं कारण होतं की फळ, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. यावर लिहिणार असाल तर निदान चिनी बाजूच्या एखाद्या जाणकाराला विचारा.

प्रश्न: नानासाहेब पेशव्यांचे वकील अजीमुल्ला खान क्रिमियात रशियाशी गुप्त करार करून आले, असं ऐकलं.

उत्तर: क्रिमियातल्या युद्धात रशियाच्या सेबस्टोपोलला पडलेला वेढा ते पाहून आले, एवढं खरं. कराराचा कागद दाखवा, मग बोलू.

प्रश्न: आमचे पूर्वज १८६८च्या हबसाणच्या (अ‍ॅबिसिनिया, आजचा इथिओपिया) मोहिमेत मुंबई फौजेबरोबर गेले होते, असं घरात सांगतात. एक ऑनलाइन विक्रेता त्यांच्या नावाचं पदक आहे म्हणतो आणि दोन दिवसांत पैसे भरा म्हणतो. घरी एक मोडी पत्रही आहे.

उत्तर: पैसे भरू नका. दीडशे वर्षं थांबलेलं पदक आणखी महिनाभर थांबेल. खऱ्या पदकावर राणीच्या चेहऱ्याभोवती नऊ टोकांचा तारा असतो आणि टोकांच्या मध्ये अ‍ॅबिसिनिया या नावाची नऊ इंग्रजी अक्षरं. शिपायाचं नाव कडेला नसतं, मागच्या बाजूला मधोमध असतं. विक्रेत्याने फक्त पुढच्या बाजूचा फोटो पाठवला असेल तर काय ते समजा. नाव आहे म्हणून ते तुमच्याच पूर्वजाचं, असंही नाही. पलटण जुळायला हवी.

ही मोहीम मुळात एका अनुत्तरित पत्राची. हबसाणचा सम्राट टेवोड्रोसने १८६२मध्ये व्हिक्टोरिया राणीला पत्र लिहिलं. ते लंडनच्या परराष्ट्र खात्यात पोचलं आणि पडून राहिलं. जानेवारी १८६४मध्ये त्याने ब्रिटिश कॉन्सल कॅमेरॉनलाच बेड्या ठोकल्या. त्याला सोडवायला मुंबई फौजेचा सरसेनापती नेपियर गेला, ४४ हत्ती घेऊन. १३ एप्रिल १८६८ला टेवोड्रोसचा डोंगरी किल्ला मगदाला पडला, टेवोड्रोसने आत्महत्या केली आणि खर्च ८० लाख पौंडांच्या पुढे गेला. एका उत्तराचं टपाल किती पडलं असतं?

आता तुमचं काम. घरात ठाऊक असलेलं पलटणीचं नाव लिहून काढा आणि राज्याच्या पुराभिलेखागारात विचारा. सगळ्या शिपायांची नावं याद्यांत सापडतीलच असं नाही. मोडी पत्र जाणकाराला मूळ रूपात दाखवा, फोटोवरून वाचून घेऊ नका. त्याला लॅमिनेशन करू नका, आणि आधीच चिकटपट्टी लावली असेल तर ती स्वतः ओढून काढू नका.